गाडी हलायच्या आधीच भरलेलं बुक

माझी बायको म्हणते, तुम्हाला देवानं प्रसाद दिला तरी तुम्ही आधी हुंगून बघाल. बघेनच. भोळेपणानं वागलेला ड्रायव्हर मी तरी म्हातारा झालेला पाहिला नाही, आणि मी आता पन्नाशी ओलांडली आहे.

वाळूजच्या कारखान्यातून सुटे भाग भरायचे आणि चाकणला नेऊन टाकायचे, हे आमचं काम. मध्यंतरी गिऱ्हाईक कंपनीनं आमच्या मालकाला सांगितलं, ड्रायव्हरांचे तास लिहून ठेवा. दिवसाला आठ तासांच्या वर स्टिअरिंग नको, पाच तासांनी अर्धा तास विश्रांती. मालकानं निळ्या पुठ्ठ्याची बुकं छापून आणली. कुणाला कुठली फेरी द्यायची हे ठरवणारा सुपरवायझर ती वाटताना म्हणाला, "नियमात बसंल असं लिवा." याचा अर्थ न कळण्याइतके आम्ही दुधखुळे नव्हतो.

मग आमची रीतच पडली. गाडी भरेपर्यंत कॅन्टीनमध्ये चहा घ्यायचा आणि बुक भरून मोकळं व्हायचं. निघालो, थांबलो, जेवलो, पोहोचलो, परत आलो, झोपलो, सगळं आधीच. माझं अक्षर बरं, म्हणून तिघाचौघांची बुकं मीच भरायचो, त्यांनी फक्त सही ठोकायची. एकदा एकाची गाडी यार्डातच पंक्चर झाली, तेव्हा त्याचं बुक चाकणला जेवून झोपलंसुद्धा होतं. आम्ही पोट धरून हसलो. काचेवर जीपीएसचा डबा होता, पण ऑफिस त्यात बघायचं ते फक्त डिझेल कुठं मुरतंय हे. बुकाशी तो कुणी ताडून पाहिला नाही. न पाहण्यात सगळ्यांचीच सोय होती.

अशात सेफ्टीसाठी एक मॅडम आली. औरंगपुऱ्यातून स्कूटीवर यायची, वयानं माझ्या मुलीएवढी. पहिल्याच दिवशी कॅन्टीनमध्ये येऊन आमच्यातच खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मामा, जे खरं असेल ते लिहा. जास्त तास झाले तर जास्त लिहा. कुणाची नोकरी जाणार नाही, हे मी बघते."

माझे कान लगेच टवकारले. इतकी वर्षं नियमात बसवून लिहा म्हणणारं ऑफिस आता अचानक खरं लिहा म्हणतंय, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. मी तिच्यावर नजर ठेवली. ती बुकांचे मोबाइलवर फोटो काढायची. एकदा मालकाच्या गाडीतून उतरताना दिसली. झालं, माझा हिशेब जुळला. मी सगळ्यांना बजावलं, "आपल्याच हातानं आपला गळा कापून द्यायचा नाय. उद्या कुठं ठोकली, तर हीच बुकं काढून म्हणतील, बघा, हा चौदा घंटे चालवत व्हता, चूक त्याचीच."

सगळ्यांना पटलं. नाही पटलं ते एकट्या चाचाला. चाचा आमच्यात सगळ्यात जुना. नमाजाला गाडी उभी करायचा, तेवढीच काय ती त्याची विश्रांती. तो म्हणाला, "मी तर खरंच लिवनार भई. झूट याद ठेवायला डोकं लागतं, ते आता ऱ्हायलं नाय."

त्यानं एका फेरीचे सगळे तास जसेच्या तसे लिहिले. दुसऱ्या दिवशी त्याला गाडीवरून उतरवलं आणि घरी पाठवलं. मी कॅन्टीनभर मान ताठ करून फिरलो. बघा, म्हटलं होतं की नाही? सुपरवायझर सांगत होता की नियमाप्रमाणं त्याला एक दिवस आराम दिलाय. असा आराम मी पुष्कळांना मिळालेला पाहिला होता. त्यातले काही अजून आरामच करताहेत.

त्याच सकाळी मी चाकणहून परत आलो होतो. तिथं गेटवर गाडी रिकामी करायला इतका उशीर लावला, की रात्रभर चालवतच यावं लागलं. अंगाचं पार भुस्कट झालं होतं. गाडी लावून बजाजनगरला घरी जायला निघालो, तर सुपरवायझरनं ऑफिसातून हाक मारली. चाचाच्या गाडीत अर्जंट माल भरलेला होता आणि बाकीचे आपापल्या फेऱ्यांवर लागले होते.

"मामा, ही गाडी घिऊन चला."

"मी आत्ता आलोय. डोळ्याला डोळा नाय."

त्यानं माझं बुक उघडून माझ्यासमोर धरलं. त्यात मी आदल्या संध्याकाळीच परत आलो होतो आणि रात्रभर घरी झोपलो होतो. माझंच सुबक अक्षर. "रूलपरमानं तुम्ही एकटेच फ्रेश हाये," तो म्हणाला. हसला नाही. मॅडम शेजारच्या टेबलावर मान खाली घालून काहीतरी लिहीत होती. मला वाटलं, हिनंच हे घडवून आणलंय. बुक खोटं आहे असं म्हणावं, तर माझ्या अक्षरातली बाकीची बुकंही उघडी पडणार. मागं आमचे दोघेजण आपापल्या फेरीचे कागद घ्यायला उभे होते. मी रात्रभर रस्त्यावर होतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी त्यांच्याकडं पाहिलं. एकानं मोबाइल काढला, दुसरा बाहेर थुंकायला गेला. मी किल्ली घेतली.

टोलनाका मागं पडेपर्यंत ठीक होतं. मग कधी डोळा लागला कळलं नाही. चाकं कच्च्यात उतरल्याच्या खडखडाटानं जागा झालो, तर समोर हातभर अंतरावर मोटरसायकल. नवरा-बायको आणि मधे लेकरू. मी ब्रेकवर उभाच राहिलो. ते मागं वळून शिव्या देत निघून गेले. देऊ देत. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मला रडू आलं.

मग मॅडमला फोन लावला. कॉल रेकॉर्ड होत असणार, हे तेव्हाही डोक्यात आलंच. तरी बोललो, "मॅडम, मी झोपलेलो नाही कालपासून. बुक खोटं आहे. मीच लिहिलंय."

ती म्हणाली, "गाडी नीट कडेला आहे ना? किल्ली काढून ठेवा. माणूस पाठवते."

माणूस आला तो चाचा. घरी भरपूर झोप काढलेला, दाढी विंचरलेली, तजेलदार. त्यानं काही विचारलं नाही. "सरक," एवढंच म्हणाला. नगर कधी गेलं, शिरूर कधी गेलं, मला माहीत नाही.

त्यानंतर मॅडमनं सगळी बुकं जीपीएसशी ताडून पाहिली. माझ्या अक्षरातलं एकही त्यातून सुटलं नाही. नोकरी कुणाची गेली नाही, हे खरं. पण एकेकाला आत बोलावून जाब विचारला, आणि बुक ज्याचं त्यानं फेरी संपल्यावरच भरायचं असं ठरलं. लांबच्या फेरीला आता दोघं जातात. झोप मिळते. हे माझ्या एका फोनमुळं झालं, असं सगळे समजतात. चाचाला कुणी काही म्हणत नाही. तो पहिल्यापासून तसाच होता.

परवा कॅन्टीनमध्ये शिरलो तर टेबलावरचं बोलणं थांबलं. एकानं आपलं बुक उपडं घातलं. त्याला मीच लिहायला शिकवलं होतं.

"काय चाललंय रे?"

"कुठं काय, मामा. बसा की."

सरकून जागा दिली, चहाही सांगितला. पण पुन्हा कुणी बोलायला लागलं नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. उठताना वाटलं, यांना सांगावं की मी ऑफिसचा माणूस नाही. पण त्यांच्या जागी मी असतो आणि कुणी येऊन मला असं सांगितलं असतं, तर माझा संशय पक्काच झाला असता.