देवळाच्या मागच्या भिंतीशी

सांगलीच्या डॉक्टरांनी माझ्या लेकीला, रेवाला, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असल्याचं सांगितलं, तेव्हा आमच्या तासगावच्या घरात ते कुणी मनावर घेतलं नाही. सासूबाईंच्या मते पोरीला बाहेरचं काही लागलं होतं. माझी देवावर श्रद्धा लहानपणापासूनची. पण त्या दिवसांत मी दिवा लावायचे आणि समोर बसून देवाशीच भांडायचे. माझी लेक ही कसली शिक्षा, ते एकदा सांगून टाक.

एका रविवारी सासूबाई आम्हाला कुलदैवताला घेऊन गेल्या. आरती सुरू झाली, ढोल आणि घंटा एकदम कडाडल्या. रेवाने कान गच्च दाबले आणि किंचाळत फरशीवर अंग टाकलं. तिथला देवऋषी लिंबाचा डहाळा घेऊन पुढे आला. म्हणाला, "बाहेरचं हाय. धरा तिला."

"हात लावायचा न्हाई!" मी ओरडले. "आवाज सोसत न्हाई तिला, एवढंच हाय."

"देवाच्या दारात उलटं बोलू नगं," सासूबाई कळवळून म्हणाल्या.

"देवाला न्हाई बोलत, आत्या. ह्यांना बोलतीया."

रेवाला उचलून मी देवळामागे गेले. तिथे एक अनोळखी बाई भिंतीला टेकून हळूहळू डुलत बसली होती. आमच्याकडे न बघताच ती म्हणाली, "जरा लांब बसा. खेटलेलं चालत न्हाई मला." मग थोड्या वेळाने, "त्यो घंटेचा आवाज माझ्या दातात शिरतोय. म्हणून मी मागनंच पाया पडते. भिंतीपलीकडं देवच हाय की."

तिने दगडाला कपाळ टेकलं. रेवा एरवी कुणाचं बघून काही करत नसे. ती उठली, गार दगडाला गाल लावून उभी राहिली आणि तिचं रडणं थांबलं. मी वळून पाहिलं तर ती बाई निघून गेली होती.

त्या दिवशी जेवताना मी सगळ्यांदेखत बोलले. फौजेतून निवृत्त झालेले माझे सासरे, म्हणजे मामा, दारातल्या चपला एका रेषेत लावल्याशिवाय ताटावर बसत नाहीत. शिवण टोचते म्हणून मी घरात ब्लाऊज उलटा घालते. "मामांची ती शिस्त, माझी ती खोड, आन् माझ्या पोरीचं तेवढं भूत व्हय?"

मामा म्हणाले, "देवऋषी परत नगं. पोरगी माझ्यावर गेलीया."

रेवा अजून फारशी बोलत नाही. तरी मी तिच्याकडूनच शिकले. ती देवाकडे काही मागत नाही, नुसती टेकून उभी राहते. मीही आता मागणं सोडलंय. लेक जशी दिलीस तशी दिलीस, तुझे उपकार, एवढंच म्हणते. परवा देवळामागे एकाने हटकलं, "बाई, पुढनं दर्शन घ्या की. मागं काय हाय?"

"आमचा देव हाय," मी म्हटलं, आणि रेवाशेजारी डोकं टेकलं.