टाकीचं विरजण

माझी मुलगी दापोलीला शेतीचं शिकते. तिच्या खोलीच्या मालकिणीने एक दिवस सांगून टाकलं, की खोलीत मासे चालणार नाहीत. टाकी आणि तिचा सगळा सरंजाम मुलीने मैत्रिणीला दिला, आणि दोन गोल्डफिश झाकणाच्या डब्यात घालून, डबा मांडीवर धरून, एसटीने रत्नागिरीला आली. एक केशरी, एक पांढरा. दोन दिवस राहून ती परत जायला निघाली तेव्हा बॅग खांद्यावर घेऊन, मासे सोडलेल्या टबापाशी बराच वेळ उभी होती. मला म्हणाली, "बाबा, माझी परीक्षा संपेपर्यंत एवढे जगव." मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

तोरा असण्याला कारण होतं. आमचं घरच माशांवर चाललेलं. वडील तांडेल होते, होडी घेऊन समुद्रात जायचे, आणि आई चाळीस वर्षं बाजारात पाटी लावून बसायची. गिऱ्हाईक भाव करायला लागलं की ती अंगठ्याने माशाचा कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवायची आणि म्हणायची, "कल्ले बघा, मग बोला." मी कचेरीत टेबलाला चिकटलो, पण माशातलं आपल्याला कळतं असा माझा समज पक्का होता. आमच्या घरात जिवंत मासा म्हणजे अजून चिरायचा राहिलेला मासा, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मी तीन फुटी टाकी आणली, खिडकीखालच्या चिऱ्याच्या कट्ट्यावर ठेवली, विहिरीचं पाणी भरलं आणि मासे सोडायला निघालो. टाकी विकणाऱ्या दुकानदाराने आधीच बजावलं होतं, की महिनाभर थांबा, टाकी पिकू द्या. टाकी कशी पिकते? मला हसूच आलं होतं. पण मासे सोडण्याआधी सहज मोबाइलवर वाचायला लागलो आणि हसू ओसरलं. मासा पाण्यातच घाण करतो, त्या घाणीचा अमोनिया होतो, आणि तो माशाला जाळतो. काही जिवाणू हा अमोनिया खातात, पण त्यांच्याकडून जे तयार होतं ते नायट्राइट, तेही विषच. ते खायला दुसरे जिवाणू लागतात. मग कुठे पाणी माशाला सोसवतं. हे सगळे टाकीचं पाणी गाळणाऱ्या फिल्टरच्या स्पंजात वस्तीला येणार, आपल्या सवडीने. मी रोज कोऱ्या टाकीसमोर उभा राहून त्या पाण्याकडे बघायचो. दिसायचं काहीच नाही, आणि दिसत नाही म्हणूनच मला आणखी बघावंसं वाटायचं.

मासे तोवर टबात होते. त्यांचं पाणी रोज बदलावं लागायचं, आणि मला धीर म्हणून नाही. आंब्याची अढी घातली तरी रोज हात घालून चाचपणारा मी माणूस. त्यामुळे टाकी लवकर पिकवायच्या युक्त्या शोधत सुटलो. पहिली युक्ती अशी, की पाण्यात एक कोलंबी कुजू द्यायची, म्हणजे जिवाणूंना खायला मिळतं. मी कोलंबी टाकली, आईने काढली. दुसरी टाकली, तीही काढली. चांगली कोलंबी पाण्यात कुजवणारा माणूस आपल्या पोटी जन्मला याचं तिला मनापासून दुःख झालेलं दिसत होतं.

मग दुकानदाराकडे गेलो आणि त्याच्या जुन्या टाकीतला स्पंज मागितला. हीच खरी युक्ती होती. पिकलेल्या टाकीतला स्पंज नव्या टाकीत घातला की वस्ती आयतीच येते, महिन्याचं काम थोड्या दिवसांत होतं. आढेवेढे घेत त्याने एक काढून दिला. काळाकुट्ट, बुळबुळीत, आणि वास असा की रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं. घरी आल्यावर तो वाडगाभर पाण्यात ठेवून मोरीत सरकवला आणि संध्याकाळी टाकीत घालू म्हणून घाईने कचेरीत गेलो.

संध्याकाळी परतलो तर स्पंज अंगणातल्या दोरीवर, चिमट्याला लटकत होता. लख्ख, कोरडा. माशाची म्हणून जी वस्तू घरात येईल ती कढत पाणी ओतून घासायची आणि उन्हाला घालायची, हा आईचा नेम. पाटी, विळी, सुऱ्या, सगळ्यांना तोच न्याय. म्हणूनच आमच्या घरात कधी वास येत नाही असं लोक सांगायचे. मी तिच्यावर ओरडलो. मग मी सांगितलं, की तो स्पंज म्हणजे दह्याचं विरजण होतं, ते तिने उकळून टाकलं.

"मग ह्या मना आधी सांगाचं होतंस," ती म्हणाली. "दुधातुपाचं कलतं मना."

खरंच होतं. साऱ्या जगाचं वाचून झालं होतं, घरातल्या माणसाला मात्र सांगितलं नव्हतं. पण तेव्हा मला तेवढं मोठं मन दाखवता आलं नाही.

दुकानदाराकडे पुन्हा जायची लाज वाटली. म्हणून जिवाणूंची तयार बाटली आणली, टाकीत ओतली आणि त्याच दिवशी मासे सोडले. बाटलीवर लिहिलंच होतं, की लगेच सोडा. अमोनिया मोजायचा संचही आणला. नळीत टाकीचं पाणी घेऊन चार थेंब टाकायचे, नळी हलवायची, रंग बघायचा. हिरवा म्हणजे वाईट, पिवळा म्हणजे ठीक. पहिले काही दिवस हिरवा, मग पोपटी, आणि बाराव्या दिवशी पिवळाधमक. मी नळी घेऊन घरभर फिरलो. मुलीला फोटोही पाठवला.

आई टाकीसमोर बसली होती. आमचं बोलणं स्पंजाच्या दिवसापासून कामापुरतंच होतं. मी नळी पुढे केली तर तिने ती बाजूला सारली.

"मेल्या, ती नली ठेव आनि त्या पांढऱ्याचे कल्ले बग. गुलाबी होते, आता चिकूवानी झालेत. हा मासा मी इकला नसता."

मी वाकलो. पांढऱ्या माशाच्या कल्ल्याचं झाकण पातळ असतं, आतला रंग बाहेरून कळतो. तो खरोखर तपकिरी होता, आणि मासा पृष्ठभागाशी तोंड उघडमीट करत होता. माझी नळी अमोनियाचं खरंच सांगत होती, पण नायट्राइट मोजायचा संच मी घेतलाच नव्हता. ते रक्तात गेलं की रक्त तपकिरी होतं, हे नंतर वाचलं. त्या क्षणी मी घाबरलो होतो. मुलीला काय सांगणार, एवढंच डोक्यात होतं.

अर्धं पाणी काढलं, विहिरीचं ताजं घातलं. मोबाइलवर उतारा म्हणून थोडं मीठ घालायला सांगितलं होतं. खडे मीठ म्हटल्यावर आईने माझ्याकडे संशयाने पाहिलं, कारण तिच्या हिशेबी मीठ मासा सुकवताना लागतं. तरी तिनेच ते वाटीत विरघळवून दिलं. मग पदर खोचला, पाटी घेतली आणि न सांगता बाहेर पडली.

तासाभराने ती परत आली. पाटीत ओलं गोणपाट, त्याखाली ओलं फडकं, आणि फडक्यात काळाकुट्ट स्पंज. ऊन लागू नये, वारा लागू नये, म्हणून मासे झाकायची तसाच झाकलेला. दुकानदाराकडून तिने तो कसा काढला ते मला विचारायचं धाडस झालं नाही. स्वतःच्या हाताने, न पिळता, तिने तो टाकीत सोडला.

"जिता मासा राखाचा कसा ह्या मना कोनी शिकवलाच नाय," ती म्हणाली. मी तिच्याजवळ बसलो आणि चुकलो म्हणालो. ती पुन्हा पांढऱ्याचे कल्ले बघायला लागली.

पुढे रोज सकाळी मी नळी हलवायचो आणि ती कल्ले बघायची, आणि तिचं निदान माझ्या आधी यायचं. आता नायट्राइटचाही संच आणला होता; त्याच्या नळीतला जांभळा रंग हळूहळू उतरला. पांढरा तळाशी जाऊन वाळू चिवडायला लागला.

परीक्षा संपवून मुलगी आली तेव्हा आईने तिला बॅगही खाली ठेवू दिली नाही. हाताला धरून थेट टाकीसमोर नेलं.

"कल्ले बग," ती म्हणाली, "मग बोल."

मुलगी वाकून बघायला लागली. आई अंगठा काचेला टेकवून उभी होती, बाजारात कल्ला उचलायची तसाच. फक्त या वेळी तिला मासा विकायचा नव्हता.