बाग उपटली तेव्हाचे फोटो

आजारी माणसाला बघायला येणाऱ्या लोकांची मला शिसारी येते. माझा मोठा भाऊ तीर्थपुरीजवळच्या आमच्या घरी हिवाळाभर मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होता. अंघोळ नाही, जेवण नाही, हाक मारली तर मान वळवायचं बळ नाही. आणि ओसरीवर पाहुणे चहा भुरकत, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "लग्न करून टाका, बराबर होतंय." शी! त्यांच्या कपबश्या विसळायचीही मला घाण वाटायची.

दादाला जालन्याच्या मानसोपचार डॉक्टरांकडे न्या म्हणून मीच मागे लागले, कारण त्या अंधारातून मी स्वतः जाऊन आले होते. बदनापूरला नोकरीला असताना मला डिप्रेशन झालं होतं. नुसतं वाईट वाटणं नव्हे ते. वेणी घालायला हात वर जात नव्हता, आणि आपण मेलो तर घरच्यांची कटकट मिटेल असं अगदी शांतपणे वाटायचं. गोळ्यांनी मी बरी झाले. दादाचंही तेच असणार असं मी धरून चालले. दिसत तर तेच होतं.

मला सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्याला आई आणि काका घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, याआधी कधी याच्या उलट झालंय का? झोप नको, थकवा नाही, कामाचा नुसता धडाका, मोठमोठ्या बाता? काका ठासून म्हणाले, "न्हाई साहेब, बिलकुल न्हाई." कॉलेजात असताना दादा दिवसरात्र जागून दुसऱ्यांच्या रानात शेततळ्यांच्या खुणा आखत फिरला होता. पण तो आजार असेल असं घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते दादाचे चांगले दिवस. शिवाय आष्टीकडचं एक स्थळ चालून आलं होतं, मग नको ते कशाला उकरायचं!

गोळ्या सुरू झाल्या आणि दादा उठला. नुसता उठला नाही, उधळलाच. आई फोनवर हरखून सांगत होती, "आगं, झोपतच न्हाई बघ, सारखं काम करून राह्यलाय!" मी बरी होत होते तेव्हा सगळ्यात आधी झोप परत आली होती, मग भूक. मला काही जग जिंकायचं नव्हतं. वरणाला चव लागतेय एवढ्यानंच रडू आलं होतं. याची तर झोपच गेली होती.

तडक गावी गेले तर रानात जेसीबी चालू. फळांनी लगडलेली मोसंबीची बाग दादा मुळासकट उपटून काढत होता. इथं परदेशी फळं लावणार, विमानानं पाठवणार, असं काहीबाही दम न घेता बोलत होता. डोळे लाल, ओठ फुटलेले. आणि बांधावर अर्धं गाव फोटो काढतंय, टाळ्या वाजवतंय!

काका म्हणाले, "आगं, बहाराच्या आधी आपण बागंचं पाणी तोडतो, पानं गळतेत, मंग कसा फुलोरा येतो? तसंच हाय हे. पाहुण्यांना जल्दी बोलवून घेऊ, गडी रंगात हाय तवर."

रंगात म्हणे! किळस आली मला. माणूस जळतोय आणि हे त्याच्या उजेडात सोयरीक जुळवायला निघालेत.

मी दादाला गाडीत घातलं आणि डॉक्टरांसमोर त्याचं कॉलेजपासूनचं सगळं, माझ्या डिप्रेशनसकट, सांगून टाकलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "हा बायपोलर आहे हो," ते म्हणाले. "नुसत्या डिप्रेशनमध्ये माणूस खाली जातो आणि बरा झाला की जमिनीवर येतो, तुमच्यासारखा. बायपोलरमध्ये तो खालीही जातो आणि कधी वरही फेकला जातो. खाली असताना दोन्ही आजार सारखेच दिसतात, म्हणून तर आम्ही मागचं विचारतो. अशा माणसाला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर ती त्याला कधीकधी वर ढकलते." त्यांनी त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं, औषधं बदलली आणि लग्नाची घाई नको म्हणून बजावलं.

आजाराचं नाव आष्टीच्या लोकांच्या कानावर गेलं आणि स्थळ गेलं. काकांनी माझ्यावरच तोंड सोडलं. "डिप्रेशन म्हणलं असतं तर चाललं असतं, आजकाल समद्यांलाच असतंय. हे दुसरं नाव कशाला काढलंस?" जसं काही आजाराचं नाव म्हणजे दुकानातलं लुगडं, हे नको, ते दाखवा!

दादा हळूहळू जमिनीवर आला. परवा आम्ही दोघं त्या उघड्या रानाच्या बांधावर बसलो होतो. त्यानं काकांकडून तेव्हाचे फोटो मागून घेतले होते. मोबाईलवर एकेक सरकवत होता, पण स्वतःकडे बघतच नव्हता, मागे उभ्या असलेल्या माणसांकडे बघत होता.

"खोलीत पडल्तो तवा तुमी रडून राह्यले होते, ते समजलं मला," तो म्हणाला. मग एका फोटोवर थांबला आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. "हितं तर मी त्याच्याहून आजारी हाय. अन् आई बघ, कशी हसून राह्यली."