चित्राखालची पट्टी

"ह्यो मी हाय," तात्या म्हणाले. "आन् खाली माजं नाव हाय."

ते प्रमुख पाहुण्यांना सांगत होते. पाहुणे पुण्याहून आलेले, गळ्यातला हार अजून तसाच. शेजारी चित्रकार. मागं गॅलरीच्या मॅडम, दोन डॉक्टर, एक निवृत्त प्राचार्य आणि बारामतीतली आणखी वीसेक कलाप्रेमी माणसं. समोर भिंतीवर चार फुटी चित्र. लाल पटका, खांद्यावर घोंगडं, उन्हानं बारीक झालेले डोळे, डाव्या गालावर लांब व्रण. चित्राखाली उभ्या असलेल्या माणसाच्या गालावरही तोच व्रण. ओळख पटवायला एवढा पुरावा पोलिसांनाही पुरला असता.

पाहुणे वाकले. चित्राखालची पट्टी वाचली आणि हसले. वाईट हसले नाहीत. लहान मूल पाढा चुकलं की मोठी माणसं हसतात, तसं.

चित्रकार म्हणाला, "बाबा, खाली 'अनाम मेंढका' असं लिहिलंय."

"म्हंजी?"

"म्हणजे ज्याचं नाव कुणाला माहीत नाही असा."

आता सगळेच हसले. एक बाई म्हणाल्या, "किती निरागस!"

तात्यांनी पट्टीकडं पाहिलं नाही. चित्रकाराकडंही नाही. माझ्याकडं पाहिलं. कारण तासाभरापूर्वी, हॉल रिकामा असताना, त्यांनी मला विचारलं होतं, "काय लिव्हलंय गं?" आणि मी म्हणाले होते, "तुमचं नाव लिहिलंय, तात्या."

तात्यांना वाचता येत नाही. ते माझे वडील. आणि ती पट्टी माझ्याच हातची होती.

गॅलरी एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली साड्यांचं दुकान, वर कला. एक हॉल, एक कपाट, आणि खिडक्यांना पडदे, कारण मॅडमचं मत होतं की ऊन चित्रांना सोसत नाही. वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं. उन्हाळ्यात मुलांची चित्रकला स्पर्धा, दिवाळीच्या आधी रांगोळी, मग एखाद्या निवृत्त अभियंत्याची निसर्गचित्रं. दर उद्घाटनाला समई. समईच्या वर पंखा. पंखा बंद करायचं दरवेळी विसरायचं आणि पाच मान्यवरांनी आळीपाळीनं काड्या ओढायच्या. बघायला येणाऱ्यांत निम्मे भाषण करणारे, उरलेले त्यांचे नातेवाईक. तरी मला ती जागा आवडायची. शाळेतली पोरं चित्रासमोर तोंड उघडं टाकून उभी राहायची, तेव्हा वाटायचं, हे सगळं ढोंग नाही.

माझं कलाशिक्षकाचं शिक्षण झालेलं. शाळेत जागा निघेपर्यंत अनुभव असावा म्हणून मी तिथं लागले. पद 'सहायक समन्वयक'. काम झाडू, किल्ली, चित्रं टांगणं आणि पट्ट्या लिहिणं. छापील पट्ट्या मॅडमना चालायच्या नाहीत. "छापलेलं फार दुकानी दिसतं गं. तुझं अक्षर वळणदार आहे." त्या अक्षरावर मी तीन वर्षं फुगून होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मॅडमनी शब्द दिला होता की येत्या उन्हाळ्यात माझी दहा रेखाचित्रं त्या भिंतीवर लागतील. मेंढरांची, काठ्यांची, आईच्या हातांची. तो शब्द मी जपून होते. पुढं जे केलं ते त्याच्यापायी केलं. सबब म्हणून सांगत नाही, कारण म्हणून सांगते.

पावसाळा सरताना हा चित्रकार आला. त्याला 'माळरान' नावाचं प्रदर्शन करायचं होतं. मॅडम मला म्हणाल्या, "खरा धनगर हवाय त्यांना. तुमच्यात असेल ना कुणी?"

तुमच्यात. मी तो शब्द ऐकला आणि पुढं गेले. उलट अभिमानानं म्हणाले, "माझे वडीलच आहेत की."

तात्या शेळगावचे. उभं आयुष्य मेंढरांमागं चालले. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, पावसाच्या तोंडाला परत. मग कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, आणि उसानं कुरणं गिळली. आता घरामागं आठ मेंढरं आहेत, त्यांनाही बांधावरून हाकलतात. पण चित्रकाराला आठ पुरली. बाकीची तो चित्रात काढून घेणार होता.

दोन दिवस तो आमच्याकडं राहिला. आईनं केलेली भाकरी खाल्ली, "अमृत" म्हणाला. तात्यांना उन्हात बसवलं, उभं केलं, घोंगडं या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकायला लावलं. पहिल्याच दिवशी तात्यांनी आमच्या पद्धतीनं नाव सांगितलं, आपलं, बापाचं, गावाचं. "म्हाकू बिरा, शेळगाव." चित्रकारानं मान हलवली आणि दोन दिवस त्यांना 'बाबा' म्हणत राहिला. आमच्या कुत्र्याचं नाव मात्र त्यानं विचारलं आणि वहीत लिहून घेतलं.

महिन्याभरानं मॅडमनी पट्ट्यांची यादी माझ्या हातात दिली. सातव्या चित्रात कुत्रं सावलीला झोपलेलं. नाव 'मोत्याची दुपार'. अकराव्या चित्रात माझा बाप. नाव 'अनाम मेंढका'. मेंढपाळ नव्हे, मेंढका. ते जास्त मातीतलं वाटतं.

मी म्हणाले, "मॅडम, यांना नाव आहे."

"असतंच गं. प्रत्येकालाच असतं," मॅडम म्हणाल्या. त्या कधी आवाज चढवत नसत. "पण नाव दिलं की तो एक माणूस होतो. अनाम ठेवला की त्यात सगळा समाज दिसतो."

वाक्य छान होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं. फार वाचणाऱ्या माणसाचा हा एक तोटा. चांगलं वाक्य दिसलं की आत काय आहे ते बघायच्या आधीच मान डोलते. शिवाय माझी दहा चित्रं. मी खाली बसले, टाक घेतला आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, अनाम मेंढका. 'का'चा काना जरा लांब गेला म्हणून पट्टी फाडून पुन्हा लिहिली.

उद्घाटनाला तात्यांनी यायचं, ओवी म्हणायची, असं ठरलं. सोबत नाना, माझा चुलता, ढोलावर. निरोप मीच दिला. तात्या खूश होते. नवा पटका बांधून, दुपारच्या एसटीनं, ढोल मांडीवर घेऊन दोघं आले. त्यांना मागच्या जिन्यानं वर आणायला सांगितलं होतं. पुढच्या जिन्यावर रांगोळी होती.

ढोलावर थाप मारायच्या आधी भंडारा टाकायची आमची रीत. नानांनी कनवटीची पुडी सोडली तशा मॅडम धावल्या. "अहो काका, फरशीवर नको हं. पिवळे डाग जात नाहीत."

नाना म्हणाले, "द्येवाचा हाय, बाई."

"हो हो, आदर आहेच. पण बाहेर टाकून या."

दोघं मागच्या जिन्यावर जाऊन ढोलाची पूजा करून आले. नाना मला हळूच म्हणाले, "तुज्या हपिसात द्येव लय घाबरून ऱ्हात आसंल." मी हसले. तेव्हा अजून हसायला येत होतं.

मग तात्यांना त्यांचं चित्र दिसलं. ते बराच वेळ उभे राहिले. गालावरचा व्रण बोटानं चाचपला, स्वतःचा, चित्रातला नव्हे. लांडगा मेंढरात शिरला होता, त्या वेळचा तो व्रण. मग त्यांनी विचारलं, काय लिव्हलंय गं. मी काय सांगितलं ते वर आलंच आहे. त्यांनी पट्टीवर अक्षरांच्या खालून हात फिरवला, आणि नानांना म्हणाले, "बग, पोरीनं लिव्हलंय."

हे मला विसरायचं नाही.

समई पेटली, सहाव्या काडीला. भाषणं झाली. पाहुणे म्हणाले, कलेला जात नसते, कलावंताची नाळ मातीशी असते. नंतर सगळे चित्रं बघत फिरले, अकराव्या चित्राशी आले, आणि तात्या पुढं झाले. ते हसणं झालं.

हसू ओसरल्यावर मॅडमनी टाळी वाजवली. "चला, आता बाबा आपल्याला ओवी ऐकवणार! अगदी पाच मिनिटं हं, बाबा."

मला वाटलं, तात्या ढोल उचलून निघून जातील. गेले नाहीत. देवाची ओवी कबूल केली होती. कानाला हात लावला, डोळे मिटले आणि उचलली. नाना मागून ओळी झेलत होते. आवाज त्या हॉलमध्ये मावेना. पडदे हलल्यासारखे वाटले.

ओवीची आमच्याकडं एक रीत आहे. शेवटी गाणाऱ्यानं नाव घ्यायचं. आपलं, बापाचं, गावाचं. कुणी गायलं ते देवाला कळलं पाहिजे. तात्या म्हणतात, बिननावाची ओवी देव घेत न्हाय, ती वाटंवर पडती. म्हणून नाव येईपर्यंत कुणी ओवी मोडत नाही, मग मेंढरू पिकात शिरलं तरी.

तात्या शेवटच्या वळणावर आले. आवाज खाली आणला. मला माहीत होतं, आता नाव येणार. त्या दिवशी ती ओवी त्यांनी तेवढ्याचसाठी म्हटली होती, हेही मला तेव्हा कळलं. आणि निवेदकानं घड्याळ बघून माईक ओढला. "वा! धन्यवाद, धन्यवाद! जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. नाव टाळ्यांत गेलं.

तात्या थांबले. टाळ्या संपू दिल्या. मग म्हणाले, "संपली न्हाय अजून."

"छान झाली, छान," पाहुणे म्हणाले.

"नाव ऱ्हायलंय."

"अहो बाबा, अल्पोपाहार थांबलाय," निवेदक म्हणाला. पुन्हा हशा. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, घोंगड्यावरून. तात्या माईकच्या जागेकडं बघत उभे होते. माईक तिथं नव्हता.

मी कपाटाकडं गेले. जाड शाईचं पेन काढलं. धैर्यानं नव्हे, लाजेनं. अकराव्या चित्रासमोरची माणसं बाजूला केली, माझं अक्षर माझ्याच हातानं खोडलं आणि शेजारी लिहिलं, म्हाकू बिरा, शेळगाव. या वेळी अक्षर वाकडं आलं. पुन्हा लिहिलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "काय करतेस?"

"चूक दुरुस्त करते."

"कुणाची चूक?"

"माझी. यांचं नाव मला माहीत होतं. जन्मापासून."

चित्रकार पुढं आला. आता तो हसत नव्हता. "चित्र माझं आहे. त्याचं नाव काय ठेवायचं ते मी ठरवणार."

त्याचं खरं होतं. नियम त्याच्या बाजूनं होता. मी म्हणाले, "चित्र तुमचं. तोंड त्यांचं. कुत्र्याचं नाव विचारून घेतलंत, माणसाचं सांगूनही विसरलात."

मला वाटलं, आता तात्या माझ्याकडं बघतील. ते पट्टीपाशी आले. खोडलेलं पाहिलं, नवं पाहिलं. मग वळले आणि पाहुण्यांना म्हणाले, "सायेब, आता काय लिव्हलंय? तुमी वाचा."

मी हातभर अंतरावर होते. हातात पेन होतं. त्यांनी मला विचारलं नाही.

पाहुण्यांना वाचावं लागलं. वीसेक माणसांसमोर, मोठ्यानं. "म्हाकू बिरा, शेळगाव."

"व्हय," तात्या म्हणाले. "आता संपली." शाल खुर्चीवर ठेवली. नानांनी ढोल उचलला. दोघं पुढच्या जिन्यानं उतरले, रांगोळीवरून.

दुसऱ्या दिवशी अकराव्या चित्राखाली छापील पट्टी लागली. तेच जुनं नाव. गॅलरीत छापलेलं चालायला लागलं. माझी दहा चित्रं उन्हाळ्याच्या यादीतून गेली. तीन वर्षांचं अनुभवपत्र मॅडमनी अडवून धरलंय. मॅडमचा फोन आला होता. आवाज तसाच मऊ. "दोन ओळी लिहून दे. भावनेच्या भरात घडलं म्हणून. विषय संपेल. तुझं पुढचं बघायला नको का?"

मी म्हणाले, "भावनेच्या भरात मी पहिली पट्टी लिहिली होती, मॅडम. दुसरी शुद्धीवर होते तेव्हा लिहिली."

फोन बंद झाला. शाळेच्या जागेसाठी ते पत्र लागतं, हे मला माहीत आहे. त्या दोन ओळी लिहायला दोन मिनिटं लागतील, हेही. त्या मी लिहिणार नाही.

तात्यांनी मला शाबासकी दिलेली नाही. रागावलेही नाहीत. घरात बोलतात, जेवतात, मेंढरांचं सांगतात. फक्त कागद आला की तो आता पूर्वीसारखा माझ्याकडं येत नाही. लाईट बिल, दवाखान्याची चिठ्ठी, कारखान्याची नोटीस, जे काही असेल ते घेऊन ते माझ्यासमोरून उठतात आणि चार घरं पलीकडं जाऊन दुसऱ्याकडून वाचून घेऊन येतात. एकदा नाना त्यांना म्हणाले, "आरं, घरात शिकल्याली पोर हाय की." तात्या म्हणाले, "शिकल्याली हाय. म्हून तर."

मी पट्टी खोडली ती माणसं हसल्यावर. त्याच्या आधी एक तास हॉल रिकामा होता, माझा बाप एकटा होता, प्रश्न साधा होता, आणि मी खोटं वाचलं. मॅडमनी त्यांचं नाव काढून घेतलं, ते परत घेता आलं. मी त्यांचं वाचणं काढून घेतलं.

ते मला परत कागद देतील की नाही, माहीत नाही. मागणारही नाही. मला एवढंच ठरवता येतं. आता कुणीही, कुठल्याही मोबदल्यात, माझ्या हातानं माणसाचं नाव गाळून घेणार नाही. आणि मी नाही म्हणेन ते हसू फुटल्यावर नव्हे. टाक उचलायच्या आधी.