दुसरा 'म्हणून'

आमच्या घराण्याचा धंदा अर्ज लिहिण्याचा. वडील कचेरीत कारकून. 'वरील विषयास अनुसरून' हे शब्द मी शुभंकरोतीच्या आधी ऐकले असावेत. त्यामुळे सॉफ्टवेअर कंपनीत लागल्यावर पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकानं दोन दिवस खर्चून 'यूजर स्टोरी' शिकवली, तेव्हा मला ती ओळखीची वाटली. मायना ठरलेला: अमुक म्हणून मला तमुक हवं, असं असं व्हावं म्हणून. पहिला 'म्हणून' कोण ते सांगतो, दुसरा कशासाठी ते. वापरणाऱ्याच्या तोंडची एक ओळ, एका रंगीत चिठ्ठीवर, आणि चिठ्ठ्या भिंतीवर. शेवटी प्रमाणपत्रं मिळाली. शाल-श्रीफळ तेवढं राहिलं.

दुष्काळाची वर्षं होती. हर्सूलचा तलाव पायी ओलांडता येत होता आणि इकडं मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं रोज नवी सोसायटी उभी राहत होती, नावं सगळी नद्यांची. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही ठरल्या दिवशी येईलच असं नाही. आमच्या कंपनीला काम मिळालं: पाणी कधी येणार ते मोबाइलवर कळवणारं ॲप. स्टोऱ्या लिहायच्या मी. पहिली लिहिली: 'नागरिक म्हणून मला पाण्याची वेळ कळायला हवी, मला माहिती मिळावी म्हणून.' माहिती कशाला, तर माहितीसाठी. वडिलांनी असा अर्ज खिडकीतूनच परत केला असता.

शेजारच्या वहिनी चिकलठाण्याला एका कारखान्यात पॅकिंगला जात. नवरा ट्रकवर, घरात दुसरं कोणी नाही. पाण्याच्या दिवशी ड्रम भरायला त्यांना कामावर खाडा करावा लागे. मी चिठ्ठी त्यांना वाचून दाखवली.

"येणार ते कशाला सांगता, भाऊजी? आल्यावर कळतंच की. येणार नाय ते सांगा. सातच्या बसच्या आत."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! मी घरी बसते, पाणी येत नाय. दुसऱ्या दिवशी परत बसते. सुपरवायझर म्हणला, पाणी आलं तर खाडा चालंल, पण आता एक जरी खाडा फुकट गेला तर येऊच नका."

मग मी आमच्या भागात पाणी सोडणाऱ्या लाइनमनला गाठलं. तो रस्त्यातल्या खड्ड्यावर वाकून हातभर लांबीची चावी फिरवत होता. पाणी सोडलं की ॲपवर बटण दाबायचं, असं मी समजावलं.

"चावीला दोन हात लागतात, साहेब. बटन काय दातानं दाबू?"

"मग सोडायच्या आधी?"

"आधीचं इचारूच नका. पहाटेपासून फोन. कधी सोडता, कधी सोडता. लई वैताग. टाकी भरली का नाय, मला पाचलाच ठावं असतं. 'आज नाय' एवढं दाबल्यानं फोन बंद होत असतील, तर दाबतो की."

परतताना मी दोनदा गाडी बाजूला घेतली. एकीला बस गाठायची म्हणून, दुसऱ्याला फोन वाजू नये म्हणून, बटण एकच. ते वाक्य मी पेट्रोलच्या पावतीवर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. इतकी खरी चिठ्ठी त्या भिंतीवर दुसरी नव्हती.

बैठकीत आमचे प्रकल्पप्रमुख म्हणाले, "ॲपनं तोंड उघडून पहिला शब्द 'नाही' म्हणायचा? उद्घाटनाला पाहुणे येणारेत. जरा पॉझिटिव्ह ठेवा." बटण राहिलं. संदेश मात्र 'आज पाणी नाही' ऐवजी 'वेळापत्रक सुधारित' झाला. मला एवढंच म्हणायचं होतं की सकाळी पावणेसातला एका बाईच्या हातात फक्त हे दोन शब्द असणार आहेत. मी म्हणालो नाही. चहावरची साय बोटानं बाजूला केली, आणि चिठ्ठी स्वतःच्या हातानं भिंतीवरच्या 'झालं'च्या रकान्यात नेऊन लावली.

उद्घाटन दणक्यात झालं. भल्या मोठ्या टीव्हीला फीत बांधली होती. ती कापल्यावर टीव्ही सुरू करायला रिमोट सापडेना.

त्याच आठवड्यात, पाण्याच्या दिवशी, लाइनमननं इमानदारीत सहाच्या आत बटण दाबलं. संध्याकाळी वहिनी आमच्या दारात उभ्या राहिल्या, हातात मोबाइल.

"भाऊजी, सुधारित म्हणजे येणार का नाय?"

"नाही."

"मला वाटलं दुपारी सोडतील. मग 'नाय' लिवायला काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांना कारखान्याच्या गेटवरूनच परत पाठवलं.

मी प्रमुखांशी भांडलो, त्यांच्या खोलीत, दार लावून; माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. संदेश बदलला. पण तोवर ॲप उघडून बघायचं लोकांनी सोडलं होतं.

वहिनींनी शिलाईचं मशीन घेतलं. आता पाण्याच्या दिवशी पाणी येणार नसेल तर लाइनमन साडेसहाच्या आत त्यांना मिस्ड कॉल देतो आणि त्या गल्लीच्या ग्रुपवर एक शब्द टाकतात: 'नाय.' गल्लीतल्या बाया तो बघतात आणि सातची बस पकडतात.

मी एकदा विचारलं, "वहिनी, हे दर वेळी तुम्हीच का करता?"

त्यांनी सुईत दोरा ओवला, मग वर पाहिलं.

"घरीच असते ना आता," त्या म्हणाल्या, "म्हणून."