अकराव्या मिनिटाला बंद पडणारा कॉम्प्युटर

आप्पांचा कॉम्प्युटर सुरू केल्यापासून अकराव्या मिनिटाला बंद पडत असे. आधी काही सूचना नाही, पडद्यावर काही मजकूर नाही. दिवा मालवावा तसा पडदा काळा व्हायचा आणि पंख्याचा आवाज थांबायचा. आप्पांना जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता. घरात मी एकटीच होते, त्यामुळे तो आवाज थांबला की घर फार शांत वाटे.

त्या कॉम्प्युटरमध्ये आप्पांनी रंगांच्या कृती लिहून ठेवल्या होत्या. मला त्या हव्या होत्या.

कानडी मुलखात राहिलेल्या आमच्या मराठी घराण्याचा धंदा कापड रंगवायचा आणि छापायचा. तो आजोबांबरोबर संपला. आप्पा कचेरीत कारकून झाले, मी कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. रंगाच्या कढईत प्रत्यक्ष हात घातलेलं माणूस आमच्यात एकच उरलं, आप्पांची मोठी बहीण. माझी आत्या. ती कृष्णराजनगरला मुलाकडे असते. निवृत्त झाल्यावर आप्पा दर रविवारी तिला फोन करत, ती सांगेल ते पाठकोऱ्या कागदांवर टिपून घेत आणि सोमवारी बसून टाइप करत. हिरड्याच्या पाण्यात कापड किती वेळ ठेवायचं, तुरटी कधी द्यायची, लाल रंग देणाऱ्या मंजिष्ठाच्या मुळांच्या उकळीत कापड काठीने कसं फिरवत राहायचं. टाइप झालं की ते कागद फाडून टाकत. "दोन ठिकाणी ठेवलं की दोन गोष्टी होतात," असं त्यांचं म्हणणं होतं. मी ग्रंथपाल, मला हे पटत नसे. पण मी वाद घातला नाही.

गेल्या वर्षभरात आत्याची आठवण विरत गेली आहे. माणसं ओळखते, जेवण-खाण नीट आहे, भाऊ गेला हेही तिला ठाऊक आहे. पण तुरटी आधी की हिरडा आधी असं विचारलं तर ती खिडकीबाहेर बघते. म्हणजे त्या कृती आता फक्त या एका यंत्रात होत्या.

फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन मी कॉलेजात उघडून पाहिली होती. आप्पांनी एका जुन्या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये सगळं लिहिलं होतं. त्याची सीडी कधीच हरवली होती. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसत. काही उपयोग नाही म्हणून ती प्रत मी पुसून टाकली. घरच्या पडद्याचे मोबाइलवर फोटो काढून पाहिले, तर जुन्या काचेच्या पडद्यावर आडवे पट्टे उमटले आणि अक्षरं त्यांत बुडाली. प्रिंटर आप्पा असतानाच गेला होता. राहता राहिलं, ते म्हणजे पडद्यावर वाचून वहीत उतरवणं. त्याला अकरा मिनिटं पुरत नव्हती. यंत्र सुरू होऊन फाइल उघडेपर्यंतच सहा-सात मिनिटं जात.

एकदा असाच बंद पडून पुन्हा सुरू केला, तर फाइलच्या मधलं एक पान नुसत्या चौकोनांनी भरलेलं होतं. निळीबद्दलचं पान होतं ते. त्या दिवसानंतर ती फाइल उघडायचं मला धैर्य झालं नाही.

फाइल न उघडता यंत्राचा दोष शोधायचा, असं ठरवलं. मला यातलं काही कळत नाही, पण नोंद ठेवणं कळतं. एक कार्ड घेतलं आणि त्यावर लिहीत गेले. सकाळी सहाला सुरू केला तर चौदा मिनिटं चालतो. दुपारी अकरा. बंद पडल्या पडल्या पुन्हा लावला तर तीनच मिनिटं. अर्धा तास थांबून लावला तर पुन्हा अकरा. दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर लावून पाहिला, फरक नाही. मधला यूपीएस काढून थेट भिंतीत लावला, फरक नाही. काहीच न उघडता नुसता सुरू ठेवला, तर बारा.

आमच्या रस्त्याच्या टोकाला कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. ते एक बाई चालवतात, पन्नाशीच्या, कानडी. नवऱ्याचं दुकान होतं, आता त्यांचं आहे. मी ते कार्ड घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"मेडम, माझ्याकडे लोक येतात आणि म्हणतात, चालत नाही. बस, एवढंच. तुम्ही तर तापाचा तक्ताच आणलाय." मग त्या हसल्या. "आणि तापच आहे हा. गरम होतंय, म्हणून जीव वाचवायला आपणच बंद होतंय. आत पंखा आहे, तो बघायला पाहिजे. किती वर्षांत उघडलं नाही?"

"उघडलं असेल असं वाटत नाही. वडील कुणाला हात लावू देत नसत."

"घेऊन येऊ नका, रिक्षात हादरेल. मीच येते चारला."

त्या चारला आल्या. येताना एक स्क्रू-ड्रायव्हर, रंगकामाचा जुना ब्रश आणि हवा मारायचं छोटं यंत्र आणलं होतं. आप्पांच्या टेबलाशी बसायच्या आधी त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, भिंतीवरच्या फोटोकडे पाहून क्षणभर थांबल्या आणि मग सगळ्या वायरी काढून कॉम्प्युटरचा डबा जमिनीवर वर्तमानपत्रावर आडवा ठेवला. त्या डब्याच्या एका बाजूच्या पत्र्याला वाटीएवढी गोल जाळी आहे. तिथे कुंकवाचे जाड डाग होते. बाईंनी जाळीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"आयुधपूजा?"

"दरवर्षी, खंडेनवमीला."

"सगळेच करतात. माझ्या दुकानात मीही करते. पण समोर टिकली लावतात हो, बटणाजवळ. इथे कोण लावतं?"

मला ते ठाऊक होतं. लहानपणी आजोबांच्या वेळचं मी पाहिलेलं आहे. आमच्याकडे नवमीला छापायच्या लाकडी ठशांना गंध-फूल वाहत, पण मुख्य पूजा रंगाच्या कढईची. तीही कढईची नव्हे, तिच्या खालच्या भट्टीच्या तोंडाची. रंग पक्का होतो तो आचेने, म्हणून मान आचेचा. भट्टी विझवून, झाडून, तिच्या तोंडाला हळदकुंकू लावायचं, मूठभर अक्षता आत टाकायच्या, शेवंतीच्या पाकळ्या आत टाकायच्या आणि सांब्राणीचा, म्हणजे उदाचा, धूर आत सोडायचा. दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवली की ते सगळं जळून जाई. कॉम्प्युटर घरी आला त्या वर्षी आप्पांनी त्याच्या चारी बाजूंनी हात फिरवून पाहिला होता. जाळीपाशी ऊब लागली. "इथे आहे याची भट्टी," असं म्हणून त्यांनी तिथे कुंकू लावलं. मी तेव्हा शेजारी तबक धरून उभी होते. मला त्यात काही चूक दिसली नाही.

हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग पत्र्याचे स्क्रू काढले.

आत जे होतं त्याला धूळ म्हणता येणार नाही. पंख्याखाली धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्यामधून वारा जायला हवा. तिथे घोंगडीसारखा पिवळट करडा थर बसला होता. सांब्राणीच्या धुराने तो चिकट झाला होता. त्यात अक्षता होत्या, अजून पिवळ्या. वाळून तपकिरी झालेल्या पाकळ्या होत्या. पंख्याच्या मध्याला फुलांच्या सरीचा दोरा गुंडाळला गेला होता, आणि पंखा त्या दोऱ्याला ओढत कसाबसा फिरत असणार.

"भट्टीत जळून गेलं असतं," बाई म्हणाल्या. "हिच्यात काही जळत नाही. हिने सगळं सांभाळून ठेवलंय."

त्यांनी ब्रश उचलला. मी म्हटलं, "थांबा."

त्या थांबल्या. मला काय म्हणायचं होतं ते मलाच नीट ठाऊक नव्हतं. त्या अक्षता आप्पांच्या चिमटीतून पडलेल्या होत्या. दीड महिन्यात मी त्यांचे कपडे दिले होते, चष्मा दिला होता, औषधं टाकली होती, आणि यांतलं काही करताना माझा हात थांबला नव्हता.

"हे असंच ठेवता येईल का?" मी विचारलं.

"येईल की," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "पत्रा लावते परत, फुलं घाला वर. पण मग चालायचं नाही हे. अकरा मिनिटांचं उद्या आठ होईल, आणि एक दिवस लागायचंच नाही. तुम्हाला यातलं काय पाहिजे ते सांगा. मला घाई नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन कॉफी केली. दोन पेले घेऊन आले, एक त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "साफ करा."

पाऊण तास लागला. दोरा त्यांनी कात्रीच्या टोकाने एकेक वेढा कापत सोडवला. थर ब्रशने उकरून वर्तमानपत्रावर काढला. हवा मारायला डबा अंगणात न्यावा लागला. आतल्या मुख्य चिपवर उष्णता वाहून नेणारा एक लेप असतो, तो सुकून खडूसारखा झाला होता. तो पुसून त्यांनी नव्या लेपाचा वाटाण्याएवढा ठिपका ठेवला. "याच्याहून जास्त नको," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं जास्त लावलं की जास्त थंड. चटणी आहे का ती?"

परत सगळं जोडलं. बाई घड्याळ बघत स्टुलावर बसल्या, मी आप्पांच्या खुर्चीवर. नऊ मिनिटं झाली. दहा झाली. अकरा झाली. बारा झाली. विसाव्या मिनिटाला बाई उठल्या आणि चपला घालता घालता म्हणाल्या, "तासभर ठेवा असंच. मग तुमचं काय आहे ते उघडा. आणि मेडम, दोन ठिकाणी ठेवा हो."

तासभराने मी फाइल उघडली. चौकोनांचं एक पान सोडलं तर सगळं जागेवर होतं.

मग मी रोज संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर वहीत उतरवत गेले. दिवसाला दोन पानं, कधी तीन. टाइप करण्यापेक्षा हाताने लिहिताना मजकूर हळू सरकतो, आणि मला तेच बरं वाटत होतं. आप्पांनी आत्याचं बोलणं जसंच्या तसं घेतलं होतं, आमच्या घरच्या मराठीत, मध्ये कानडी येईल तिथे कानडीत. कापड 'साकू म्हणेपर्यंत' उकळायचं, म्हणजे पुरे म्हणेपर्यंत. कोण म्हणेपर्यंत ते लिहिलेलं नव्हतं. वही भरायला तीन आठवडे लागले. भरल्यावर तिची झेरॉक्स काढली आणि एका रविवारी बसने कृष्णराजनगरला गेले. शेतांत भाताची लावणी चालली होती.

आत्या पडवीत खुर्चीवर बसली होती. मला पाहून म्हणाली, "अय्यो, किती वाळलीस ग. घरी स्वयंपाक करतेस की पुस्तकं खातेस?"

"करते ग. तुला काही वाचून दाखवायला आणलंय."

"देवाचं?"

"रंगाचं."

मी लाल रंगाची कृती काढली आणि वाचू लागले. कापड धुऊन खळ काढायची. हिरड्याच्या पाण्यात घालून पिळायचं, उन्हात वाळवायचं. मग चिंचोक्याच्या खळीत तुरटी कालवून ठसा मारायचा. चार दिवस कापडाला हात लावायचा नाही. मग वाहत्या पाण्यात, उभं राहून, दोघींनी दोन टोकं धरून धुवायचं.

"हे कुणी सांगितलं?" आत्याने मध्येच विचारलं.

"तूच सांगितलंस. आप्पांना, फोनवर."

"मी?" तिने पदर नीट केला. "बरोबर सांगितलंय की. शहाणी होते मी." मग म्हणाली, "तो लिहून घेत होता होय? मला वाटायचं सुम्ने, उगीच, वेळ जायला म्हणून विचारतोय."

"सगळं लिहिलंय. एक पान गेलं, निळीचं."

"नीळ आपली नव्हेच. ती दुसऱ्यांकडून रंगवून आणायचो. जाऊ दे ते. पुढे वाच."

मी पुढे वाचलं. मंजिष्ठ कुटून कढईत, पाणी कोमट असतानाच कापड आत. आच हळूहळू वाढवायची, घाई केली तर लाल तपकिरी होतो. काठी एकाच बाजूने फिरवायची. आणि त्याच्याखाली आप्पांनी कंसात एक ओळ लिहिली होती, तीही मी वाचली: इथे अक्का बराच वेळ हसली, का ते सांगितलं नाही.

"का हसलीस ग?" मी विचारलं.

आत्याने आठवून पाहिलं. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि मग गेल्या.

"गोत्तिल्ल," ती म्हणाली. ठाऊक नाही. मग तिने खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली, वहीवर एक बोट ठेवलं आणि म्हणाली, "लाल परत पहिल्यापासून वाच. सावकाश वाच. मध्ये कुठे चुकलं असलं तर सांगते."