गंधमुक्तचा शिक्का

माझ्या मोठ्या जाऊबाईंना मी चिडवायचे, "तुमचं नाक सरकारी नोकरीतच शोभलं असतं." तेव्हा सरकारला बाटल्यांचं काही पडलेलं नव्हतं. भंगारवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघी काचेच्या बाटल्या धुवायचो. मी घासायचे, त्या हुंगायच्या. बाटलीत चार चमचे कढत पाणी घालायचं, तोंडावर तळवा दाबून तीनदा हलवायचं, मग तळवा काढून नाक लावायचं. "हिच्यात फिनेल होतं," म्हणायच्या, आणि बाटली फोडायच्या टोपलीत. रिकाम्या बाटलीत लोक काय भरून ठेवतील याचा नेम नसतो. रॉकेल, झुरळांचं औषध, वाट्टेल ते. पुढे त्याच बाटलीत कुणीतरी तेल भरणार असतं. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही वाईट बाटली पुढे गेली नाही. बाई मुळातच नाकासमोर चालणाऱ्या.

मग सरकारला जाग आली. काच फोडून वितळवण्यापेक्षा बाटलीच पुन्हा वापरा, अशी योजना निघाली. आम्ही इतकी वर्षं तेच करत होतो, पण त्याला योजना म्हणतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. शेडच्या जागी केंद्र उभं राहिलं. धुवायचं मशीन आलं, आम्हाला बूट, हातमोजे आणि विमा मिळाला. मशीनला नाक नसतं, म्हणून नियमात एक पद होतं, गंध तपासनीस. त्यासाठी केंद्राचे साहेब स्वतः आमच्या घरी आले. जाऊबाईंच्या फोटोचं ओळखपत्र आणि एक शिक्का देऊन गेले. शिक्क्यावर 'गंधमुक्त' असा शब्द आणि खाली त्यांचा क्रमांक. पास झालेल्या प्रत्येक बाटलीच्या गळ्यावरच्या पट्टीवर तो मारायचा.

जाऊबाई ओळखपत्राकडे नुसत्या बघत राहिल्या. महिनाभर तापाने अंथरुणाला खिळून त्या नुकत्याच उठल्या होत्या, म्हणून मी त्यांना बसल्या बसल्या लसूण सोलायला दिला. गॅसवर दूध ठेवून कपडे वाळत घालायला गेले. परत आले तर घरभर करपट वास, भांडं काळं ठिक्कर, आणि दोन हातांच्या अंतरावर गॅसकडे पाठ करून जाऊबाई निवांत लसूण सोलत होत्या.

"जाऊबाई, दूध."

"काय झालं दुधाला?"

मी गॅस बंद केला. "केव्हापासून?"

"ताप उतरल्यापासून. डॉक्टर म्हणतात, येईलही परत, नाहीतर नाही. घरात बोलू नकोस कुणाला."

दिरांचं काम सुटून वर्ष झालं होतं, घर आमच्या दोघींवर होतं. मीच म्हटलं, "वास मी घेते, शिक्का तुम्ही मारा." त्यांनी दहा बाटल्या माझ्यापुढे मांडल्या, त्यांत काही मुद्दाम रॉकेलच्या. हुंगून हुंगून माझ्या नाकी नऊ आले, आणि रॉकेलच्या दोन बाटल्या मी चांगल्या म्हणून बाजूला काढल्या. माझं नाक म्हणजे चेहऱ्याला शोभेपुरतं. मला स्वतःचाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाई सरळ साहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे होतेच.

"साहेब, मला वास येत नाही."

साहेबांना आधी थट्टा वाटली. मग तोंडचं पाणी पळालं. "बाई, सोमवारी उद्घाटन आहे. तपासनीस नसला तर परवानगीच रद्द होईल. वीस बायका कामाला लागणार आहेत. ऐन वेळी दुसरं नाक कुठून आणू मी?"

"पण माझ्या हातून काही पुढे गेलं तर?"

"मशीन उकळत्या पाण्याने धुतं. तुमचं काम नियमापुरतं आहे. वास येईल हळूहळू, तोवर शिक्का मारत राहा."

खरं सांगूनही सुटका नाही, हे जाऊबाईंना नवीन होतं. पहिल्या दिवशी त्यांनी नुसत्या संशयावरून निम्म्या बाटल्या फोडायच्या टोपलीत टाकल्या. तिसऱ्या दिवशी वरून कागद आला, दहात एकीपेक्षा जास्त बाटली फुटली तर केंद्राचं अनुदान बंद. त्यानंतर त्या शिक्का मारताना बाटलीकडे बघेनाशा झाल्या. मी जमेल तितक्या हुंगत होते, पण एक मी आणि दिवसाला हजार बाटल्या.

दीड महिन्याने दिरांनी दुकानातून तेलाची बाटली आणली. गळ्यावरच्या पट्टीवर जाऊबाईंचाच क्रमांक होता. जाऊबाईंनी झाकण काढून बाटली माझ्यासमोर धरली.

"वास घे गं."

मी घेतला. तेलाचा वास होता. त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं, किंवा नसेलही.

"कसला येतोय?"

"मला नाही कळत, जाऊबाई."

त्यांनी सगळं तेल मोरीत ओतून दिलं. मग चार चमचे कढत पाणी घातलं, तळवा दाबला, तीनदा हलवलं आणि बाटली नाकाला लावून उभ्या राहिल्या. बराच वेळ. मी वाट बघत होते.

"आपलं ओतलं," त्या म्हणाल्या, "बाकीच्या घरांना कोण सांगणार?"

मी मोरीत पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वेळेवर कामावर गेलो.